मुठीमागचे ओरखडे

मंडळी, आख्यान सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका! आणि मागच्या खांबाला टेकलेले काका, तुम्ही जागे व्हा — प्रश्न तुमच्याच वयाचा आहे! डाग कशाला म्हणायचं आणि खूण कशाला म्हणायचं? दिसायला दोन्ही सारखीच. मग पुसायचं काय आणि जपायचं काय, हे कळतं कुणाला? डोळ्यांना? की हातांना?

सोपं वाटतंय? ऐका तर मग!

मिरजेच्या बाजारात एक घड्याळजी होते — विश्वंभरपंत पोतनीस. दुकान एवढंसं. गिऱ्हाईक आत आलं, की पंतांना श्वास आत ओढून बसावं लागे! पण हात? अहो, हात काय होता! डोळ्याला ते काळं भिंग लावायचं, चिमट्यात केसाएवढा स्क्रू धरायचा, आणि बंद पडलेलं घड्याळ टिकटिक करत परत द्यायचं. अशा माणसाने आयुष्यात एकच हौस केली. मोटार घेतली! जुनीच, पण सायीच्या रंगाची फियाट!

आणि मग सुरू झाली पूजा! दर रविवारी सकाळी सात वाजता अंगणात दोन बादल्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत स्वच्छ. आधी टप, मग काचा, मग दारं आणि शेवटी चाकं. चाकाचं फडकं चुकून टपाला लागलं, तर पंत असा चेहरा करायचे, जणू देव्हाऱ्यात कुणी चप्पल घालून शिरलंय! घरातल्या देवाला पळीभर पाणी, आणि गाडीला दोन बादल्या! हसताय? तुमच्या अंगणात काय चालतं, ते मी येता येता बघतच आलोय!

पंतांची बायको कुमुदिनी. हसरी बाई. दोन्ही हातांत डझन डझन हिरव्या बांगड्या. ती दिसायच्या आधी ऐकू यायची! गाडीत बसायची तिला भारी हौस. मूठ धरायची, दार ओढायचं — खळ्ळ! की बसली.

आता दाराच्या मुठीमागे बोटं घालायची, म्हणजे बांगड्या पत्र्याला घासणारच. वर्षभरात तिथे बारीक बारीक ओरखडे उठले. चंद्रकोरीसारखे. कुणाला दिसलेही नसते. पण आमचे पंत पडले घड्याळजी! एका रविवारी गाडी पुसता पुसता थबकले. आत गेले, ते भिंग आणलं, डोळ्याला लावलं, आणि दाराशी उकिडवे बसले! मंडळी, माणसाने भिंग लावून घरातली चूक शोधायची ठरवली ना, तर कुठलं घर सुटेल हो?

त्याच दिवशी लग्नाला जायचं होतं. पाहुणे अंगणात उभे. कुमुदिनी जरीचं लुगडं नेसून आली, मुठीकडे हात नेला — आणि पंत कडाडले!

"हात लावू नकोस! कळतं का काही? सगळा रंग ओरबाडलास! यापुढे बांगड्या काढून ठेव, नाहीतर या दाराला हात लावू नकोस!"

पाहुण्यांनी माना वळवल्या. कुमुदिनीने हात मागे घेतला. म्हणाली, "बरं."

एवढंच. बरं!

मंडळी, आपल्या घरातल्या बायका भांडतात ना, तोवर काळजी करू नका. 'बरं' म्हणाल्या, की घाबरा! कारण सवाष्ण बाई. काचेच्या बांगड्या काढून ठेवते का ती? जीव गेला तरी नाही! मग दोनांतलं एकच उरलं. तिने त्या दाराला हात लावायचंच सोडून दिलं.

तेव्हापासून कुठे जायचं झालं, की ती गाडीपाशी येऊन नुसती उभी राहायची. पंत आत बसून, वाकून, आतून दार उघडायचे. मग ती बसायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "कुमुदताई, थाट आहे बाई तुमचा! नवरा दार उघडतो!" ती हसायची. पंतही हसायचे. त्यांना वाटायचं, लाडात आलीय! आपण ओरडलो होतो, हे ते आठवड्यात विसरले होते. ओरडणारा विसरतोच. नाही का? ज्याच्यावर ओरडतो, तो विसरत नाही.

एकोणीस वर्षं गेली. अशीच.

आणि एके दिवशी दुपारी कुमुदिनीच्या छातीत कळ आली. घाम फुटला. पंत घाबरले. "चल, आधी दवाखान्यात चल! तू गाडीत जाऊन बस, मी घराला कुलूप लावून आलोच!" कुलूप लागेना... कसंबसं लावून धावत बाहेर आले — तर कुमुदिनी गाडीबाहेर उभी! एक हात छातीवर, दुसरा टपावर. चेहरा पांढराफटक. दाराला कुलूप नव्हतं हो! नुसती मूठ ओढायची होती!

"अगं, बसली का नाहीस?"

तर काय म्हणाली माऊली? "तुम्ही उघडता ना..."

(टाळ थांबवा जरा.)

रस्त्यातच तिचा हात गार पडला. डॉक्टर म्हणाले, "पंत, दोन मिनिटं आधी आणलं असतंत, तरी काही उपयोग झाला नसता. मनाला लावून घेऊ नका." डॉक्टरांचं बरोबर असेल. पण पंतांना एकदम ते लग्न आठवलं, ते पाहुणे आठवले, आणि ते 'बरं' आठवलं. एकोणीस वर्षांनी त्या 'बरं'चा अर्थ कळला. आणि ज्याला सांगायचं, ते माणूस हिरव्या चुड्यासकट निघून गेलेलं!

तेराव्यानंतरचा रविवार. पंतांनी सवयीने बादल्या भरल्या. टप झाला, काचा झाल्या, डावं दार आलं. फडकं मुठीमागे गेलं आणि बोटांना लागलं — खरखर. तेच ओरखडे! ज्यांच्यापायी बायकोला चारचौघांत बोलले, तेच! फडकं गळून पडलं. पंतांनी तिथे तळवा ठेवला, आणि अंगणात ओक्साबोक्शी रडले.

मंडळी, घरात तिची लुगडी होती, फोटो होता. पण तिचा हात जिथे लागला आणि लागल्याची खूण राहिली, अशी जागा ती एकच. त्या दिवसापासून गाडी धुणं ही हौस राहिली नाही. सगळ्या गाडीला साबण, फडकं, आणि मुठीमागे? तिथे फक्त ओंजळभर पाणी आणि तळहात. जसं आपण गाभाऱ्यात देवाचे पाय धुतो! तिथे पाइप लावतो का आपण? पण हे पंतांनी कुणाला सांगितलं नाही. मुलालाही नाही.

मुलगा हृषीकेश. पुण्याची नोकरी सोडून बायकोला घेऊन मिरजेत परतला. बाबा एकटे पडले म्हणून आला — आजच्या काळात असं पोर मिळायला पुण्य लागतं! त्याने बघितलं, की सत्तरीचे बाबा गुडघा धरून चाकाशी बसतात. एका रविवारी ओल्या फरशीवर घसरले, कोपर फुटलं. तो म्हणाला, "बाबा, मी धुतो."

"तुला जमायचं नाही."

"मग वॉशिंग सेंटरला देऊ. अर्ध्या तासात होतं सगळं."

"माझ्या गाडीला परक्याचा हात नको!"

पोराला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट! कारण कुठे ठाऊक होतं त्याला?

मग बाबांचा वाढदिवस आला. पंत बहिणीकडे सांगलीला गेले होते. हृषीकेशच्या मनात आलं, बाबांना खूश करू! गाडी नेली वॉशिंग सेंटरला. तिथे फवारा सुटला, गाडी फेसात बुडाली. तिथला माणूस कामाला चोख. त्याने दारापाशी वाकून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, मुठीमागे लई ओरखडे हायत की! रबिंग मारून काढू का? पार नव्यागत करतो!"

आणि पोर आनंदाने म्हणालं, "काढा!"

संध्याकाळी पंत आले. अंगणात गाडी अशी झळकतेय, की सून गार्गी तिच्यात बघून टिकली नीट करतेय! हृषीकेश म्हणाला, "बाबा, कशी झालीय?" पंत तडक डाव्या दाराशी गेले. मुठीमागे बोटं घातली.

गुळगुळीत.

परत फिरवली. गुळगुळीत! पंतांनी खिशातलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं... आणि हळूच परत खिशात ठेवलं. म्हणाले, "छान झालीय."

पुढच्या रविवारी बादल्या पालथ्याच राहिल्या. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी सात वाजता गार्गी चहा घेऊन आली, तर पंत खुर्चीत, हात मांडीवर ठेवून बसलेले. ती म्हणाली, "बाबा, आमचं काही चुकलं का?" आणि तिच्यापाशी ते सगळं बोलले. दारामागे उभं राहून हृषीकेशने ऐकलं. येऊन पाया पडला. "बाबा, एकदा सांगायचं तरी होतं!"

पंत म्हणाले, "कोणत्या तोंडाने सांगणार होतो रे? तुझ्या आईच्या हाताची खूण जपतोय, असं सांगितलं असतं, तर तो हात तिथून तोडला कुणी, हेही सांगावं लागलं असतं!"

श्रावणात गार्गीने हातभर हिरव्या बांगड्या भरल्या. देवळात जायचं होतं. पंत गाडीत बसून वाट बघतायत, आणि सून? दाराशी नुसती उभी!

"बस ना, बाळ."

"आईंनी मला लग्नातच सांगितलं होतं — या गाडीचं दार बाबा उघडतात. आपण हात लावायचा नाही."

मंडळी! पंतांचं एका रविवारचं ओरडणं, सासूने सुनेच्या ओटीत घालून ठेवलं होतं! एका घराचा रिवाज होऊन बसलं होतं ते!

म्हातारा उतरला. गुडघा धरत, गाडीला वळसा घालून आला. "तूच उघड, पोरी."

"बांगड्या लागतील, बाबा."

"लागू देत."

तिने मूठ धरली, दार ओढलं — खळ्ळ! सायीच्या रंगावर एक बारीक रेघ उठली. पंतांनी त्या रेघेवर तळवा ठेवला. ही काही कुमुदिनीची रेघ नव्हती. ती गेली ती गेली. पुसलेलं परत येत नाही, मंडळी, कीर्तनकाराने कितीही गोड बोलून आणायचं म्हटलं तरी! पण तो म्हातारा दाराशी उभा राहून म्हणत होता, "असू दे... आता असू दे..."

तर वॉशिंग सेंटरला नावं ठेवू नका! तो धूळ धुणारा, त्याने चोख धुतली. पोराला बोल लावू नका, त्याने मायेनेच केलं. हाताला खूण कळते, हे खरं. पण पंतांचा हात तिथे पोचला, तेव्हा बांगड्या गप्प झाल्या होत्या. आज तुम्ही घरी जाल. तुमच्या घरात कुणीतरी असंच एका दाराशी उभं आहे — चुलीपाशी असेल, तुमच्या खुर्चीपाशी असेल — तुम्ही कधीतरी 'हात लावू नकोस' म्हणालात म्हणून! तुम्ही विसरलात. ते विसरलेलं नाही. जा, आणि आजच सांगा, 'तूच उघड.' दवाखान्याच्या वाटेवर सांगायची वेळ देव कुणावर न आणो.

आता नामाचा गजर करू. टाळकऱ्यांनो, टाळ खाली ठेवा. तबलजी, तुम्हीही हात आवरा. मायबहिणींनो, आज टाळी तुमची! वाजवा — आणि हात आखडू नका, बांगड्यांसकट वाजवा! पुरुषमंडळी, तुम्ही नुसतं ऐका!