गेलेल्यांचे कपडे

दातांच्या दवाखान्यात निवृत्त पोस्टमन नंबराची वाट बघत होते. मागच्या बाकावर एक शिंपीण थोरल्या बहिणीशी कुजबुजत होती.

"ताई, गेलेल्या माणसाचा कपडा उसवायला घेतला, की तो माणूस बोलतो गं माझ्याशी."

"जिवंत गिऱ्हाइकं कमी बोलतात, म्हणून आता हे!"

"हसू नकोस. काल एका बाईंनी नवऱ्याचा कोट लेकीच्या मापाचा करायला दिला. तो म्हणाला, बाह्या कापू नका, पोर अजून वाढेल."

"मग?"

"आत दुमडल्या."

"बाईंना सांगितलंस?"

"वेडी म्हणतील मला."

"दुमडल्यास, म्हणजे तुला पटलंय. मग त्याचा निरोप का दाबून ठेवतेस?"

"बरं. आज सांगते."

पोस्टमनचा नंबर पुकारला गेला. ते उठले आणि मागे वळले.

"बाई, आमची ही गेल्यापासून तिचा स्वेटर कपाटातच आहे. उसवायला घ्याल?"