पातेल्यात उरलेली खीर

(मुलींच्या निवासी शाळेच्या स्वयंपाकघरात फोन)

प्राची : आधी ते पातेलं पंगतीतून उचला, बिजलीबाई. बाकीचं मग सांगते.

बिजलीबाई : काहून, मॅडम? कालची उरलेली हाये, पण सकाळी चांगली खदखदा उकळली. म्या सोता चाखली. वास नाही का काही नाही.

प्राची : काल संध्याकाळी मी त्यातलीच वाटीभर यवतमाळला प्रयोगशाळेत तपासायला आणली ना? कोणता जंतू, किती वाढलाय, ते आमच्या यंत्रात वास सुटायच्या आधीच कळतं. यातला एक विष सोडतो. उकळल्यावर जंतू मरतो, विष तसंच राहतं.

बिजलीबाई : फोन धरा. ए राखी, वाटी खाली ठेव. समद्याजणी ठेवा... मॅडम, अकरा पोट्ट्यांनी खाल्ली. शाळेतल्या सगळ्यात लहान. माही नात राखी बी त्यातच हाये.

प्राची : हेडमास्तरांना सांगून अकराही जणींना पांढरकवड्याला दवाखान्यात न्या. उलट्या व्हायची वाट पाहू नका.

बिजलीबाई : हेडमास्तर इथंच हायेत, गाडी बोलावून राह्यले. मरतीन का वो त्या?

प्राची : वेळेवर सलाईन लागलं तर सावरतील. पण लहान आहेत, मलाही भीती वाटतेय. खीर तुम्हीच केली होती?

बिजलीबाई : हो.

प्राची : हा जंतू पिकलेल्या जखमेत फार असतो. हाताला काही झालंय का?

बिजलीबाई : अंगठा पिकला हाये. आठ दिस झाले, विळ्यानं कापला. चिंधी बांधून रांधून राह्यली होती. सांगितलं असतं तं घरी धाडलं असतं. मंग इथं शाळेत राखीपाशी कोण राह्यलं असतं?

प्राची : हे डॉक्टरांना सांगावं लागेल.

बिजलीबाई : गाडी आली. सांगतो.

(त्याच दिवशी संध्याकाळी, दवाखान्यातून फोन)

बिजलीबाई : सहा जणींले उलट्या झाल्या. राखीले लय झाल्या, डोळे पांढरे केले होते तिनं. आता सलाईनवर हाये. डॉक्टर म्हणे, अख्खी पंगत जेवली असती तं खाटा पुरल्या नसत्या.

प्राची : आणि अंगठ्याचं?

बिजलीबाई : सांगितलं. हेडमास्तरासमोर, पोट्ट्यांच्या मायबापासमोर. नर्सबाईनं अंगठा धुऊन पट्टी केली. बरा होईपर्यंत चुलीपाशी जायचं नाही म्हणे.

प्राची : राखी बोलते का?

बिजलीबाई : उठली आत्ताच. पाणी मागून राह्यली. ग्लास भरून समोर ठेवला हाये, मॅडम. तिले द्याले माहाच हात पुढं होऊन नाही राह्यला.