सौरपंप आणि रात्रीची पाळी

“तात्या, दिवसाची पाळी थोरल्या घराची. आजोबांनी घालून दिलंय, ते मोडायचं न्हाई!” माझा मुलगा दत्तू विहिरीवर उभा राहून चुलत्यावर ओरडत होता. माझे धाकटे दीर किसनभावजीही काही गप्प बसणारे नव्हते.

विहीर आमच्या दोन्ही घरांची. दिवसा आम्ही भिजवायचं, रात्री धाकट्या घरानं, ही सासऱ्यांनी लावलेली पाळी. डिझेलच्या इंजिनाला दिवस काय आणि रात्र काय, त्यामुळे इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती. यंदा ते इंजिन सुप्याच्या भंगारवाल्याला देऊन विहिरीवर सौरपंप बसवला. ऊन आहे तोवर पाणी, दिवस मावळला की पंप बंद. पंप घेताना ही गोष्ट घरातल्या एकाही बाप्याच्या डोक्यात आली नाही. भावजींच्या कांद्यानं माना टाकल्या तेव्हा आली.

“आरं, मग रातीला काय चांदण्यावर पंप चालवू?” भावजी म्हणाले.

“ते तुमचं तुमी बगा. पाळी म्हंजी पाळी.”

“वहिनी, तुमीच सांगा ह्याला. माझा कांदा चाललाय.”

मी बांधावर बसून ऐकत होते, ती उठले.

“दत्तू, आजोबांच्या पाळ्या मोडायच्या न्हाईत ना?”

“न्हाई म्हंजी न्हाई!”

“मग नगं मोडू. पाळ्या त्याच ऱ्हाऊ दे, निस्ती अदलाबदल करू. आजपासून रातीची पाळी आपण घिऊ, जा, भिजव अंधारात गहू.”