झेंडूनं गुदमरलेला कॉम्प्युटर

मंडळी, एक विचारतो. एखादी वस्तू पारखून घेतली, तर तो समोरच्या माणसावर अविश्वास होतो का हो? … माना हलल्या! निम्म्या उभ्या, निम्म्या आडव्या. मग ऐकाच!

मिरजेत हेमांगी तोडकर नावाची मुलगी. अ‍ॅनिमेशन शिकायचं वेड! त्याला कॉम्प्युटर लागतो तगडा — पोरं गेम खेळतात तसला. वडील, अप्पा, वर्षभर नाही-नाही म्हणून शेवटी म्हणाले, "जुना बघ, एकदाच घेईन. बिघडला, तर पुन्हा नाव काढायचं नाही. मुकाट्यानं बी.एड. करायचं!" म्हणजे कॉम्प्युटर चुकला की स्वप्नच बुडालं! (बी.एड.वाल्यांनी रागावू नये. पुढेच बसलेत, म्हणून सांगतो.)

सांगलीच्या गजेंद्र शेटेला त्याचा विकायचा होता. "एकदम ओके!" असं फोनवर म्हणाला. बापलेक पोचले. गजेंद्रच्या आईनं, मालूकाकूंनी, पोहे आणले. दोन घासांत अप्पा विरघळले! "हेमा, घर चांगलं आहे. घेऊन टाकू."

"अप्पा, घर नाही घ्यायचंय! काकू, पोहे झाकून ठेवा. आधी मशीन बघते."

केवढं धैर्य! पोहे पोटात गेले की आपले प्रश्न तोंडात येत नाहीत, मंडळी!

तिनं सगळ्यांत जड गेम लावला. चित्र सुरेख! अप्पा उठले, "झालं ना?"

"अजून नाही."

पंखा घोंघावू लागला… आणि गप्! स्क्रीन काळा!

गजेंद्र भिंतीकडे बघत म्हणाला, "असं… होतं अधूनमधून."

"मग एकदम ओके कसं म्हणालात?"

"मधल्या वेळात ओकेच असतो ना, ताई!"

इतकं प्रामाणिक खोटं मी तरी ऐकलेलं नाही!

अप्पा चपला शोधू लागले. हेमांगी मात्र झाकण उघडून बसली. आत काय? झेंडूच्या वाळक्या पाकळ्या! कुंकू! उदबत्तीची राख!

काकू म्हणाल्या, "अगं, दसऱ्याला हार नको घालायला? आणि उदबत्ती तर रोज ओवाळते!"

पंख्यानं सगळी पूजा आत ओढली होती. हवेला वाटच नाही — मशीन तापायचं आणि बसायचं!

तिनं पिशवीतला रंगाचा ब्रश काढला, पाकळी न् पाकळी झाडली. पुन्हा तोच गेम. पोहे गार झाले, वर चहा झाला — मशीन बंद पडायचं नाव घेईना!

अप्पा कानाशी लागले, "गप्प बस! मोडकंच वाटू दे त्याला. स्वस्तात सुटेल."

इथं पोरीची खरी परीक्षा! ती म्हणाली, "दादा, मशीन ठणठणीत आहे. नुसतं गुदमरलं होतं. विकायचं का, पुन्हा ठरवा."

अप्पांना ठसका लागला! हातात आलेलं स्वप्न पोरीनं परत ताटात ठेवलं की हो!

गजेंद्रनं मशीनवरून हात फिरवला. काकू म्हणाल्या, "गजू, तू त्यावर नुसता खेळलास. हिनं त्याचं दुखणं ओळखलं. देऊन टाक!"

"ठरलेल्याच पैशांत ने, ताई," तो म्हणाला.

तर मंडळी, जो शेवटपर्यंत पारखतो, त्याला खोट दिसते तसं चांगलंही दिसतं! आता आपलं बघा. बाहेरून गंध, माळा, सगळं यथासांग. झाकण कधी उघडलंत? आत पंखा घोंघावतोय — आणि आपण शेजाऱ्याला सांगतोय, भजन काय जोरात चाललंय!