दोन कोटी आकड्यांची संख्या

हॅलो?… हो, हाच नंबर… नाही, ते नाहीत… अहो, बाहेर नाही, गेलेच ते. मागच्या महिन्यात, चार तारखेला… हॅलो? आहात ना?… मी त्यांची बायको… एकाएकीच. दुकानात चष्म्याचं भिंग घासत होते, तिथंच… तुम्ही बसा आधी. पाणी घ्या… हो, थांबते मी.

…नाही, तुमच्याबद्दल कधी बोलले नाहीत. कोण आपण?… दातांचे डॉक्टर?… सहा वर्षं फोनवर बोलत होतात? दर मंगळवारी, दुकानातून?… मला म्हणायचे, मंगळवारी गिऱ्हाईक फार… नाही हो, राग कसला.

…पंधरा दिवसांपूर्वी? त्यांच्या नावानं तुमच्याकडे उत्तर आलं? ते कसं येईल?… हां, कॉम्प्युटर. तोच आपोआप मूळ संख्या शोधून पाठवतो?… चालू आहे तो, मागच्या खोलीत. बंद करायला दोनदा गेले मी. पण त्याच्या पंख्याची घरघर आहे ना, ती थांबली की घरात मग काहीच… म्हणून राहू दिला.

…मूळ संख्या म्हणजे ती शाळेतली? सात, अकरा, तेरा?… हो, एकानं आणि स्वतःनंच भाग जातो, तेवढं आठवतं… दोनाला दोनानं गुणत जायचं… सहा कोटींच्या वर वेळा?… आणि शेवटी एक वजा. बरं… आणि हिला मधल्या कशानंच भाग जात नाही?… तुमच्या मशीननं आठ दिवस तपासलं? तेच उत्तर?… म्हणजे नक्की. केवढी आहे हो?… दोन कोटी आकडे? एकाच संख्येत?

…उपयोग काय तिचा?… काहीच नाही?… नाही, हसत नाहीये.

…काय म्हणायचे? 'घरी सांगितलं तर ती हसेल'?… हसले असते. खरंय. पण हसून झाल्यावर विचारलं असतं ना, पुढं काय म्हणून… असो.

…कुठल्या नावानं नोंदवायची? त्यांनी कुठलं घेतलं होतं?… 'मूळपुरुष'?… नाही, काही नाही. आम्हाला मूलबाळ नाही, आणि हे मूळपुरुष… असू द्या. तेच लिहा.

…वहिनीच म्हणा… तुमचे पेशंट खोळंबले असतील… मग एक विचारू? ती संख्या आत्ता समोर आहे तुमच्या?… वाचून दाखवाल?… सगळी वाचायला किती?… सेकंदाला एक आकडा धरला तर साडेसात महिने? जेवणखाण, झोप सोडून?… बरं, जमेल तेवढी वाचा. थांबा, पेन्सिल घेते… हं.

चार… तीन… हो, लिहितेय… नऊ… परत नऊ?… बरं, दोनदा… शून्य… ते पण असेच वाचून दाखवायचे का तुम्हाला, सावकाश?… हं… सहा… एक… आठ…

पुढचा?… हॅलो?… रडताय का तुम्ही?… आठ लिहिला मी. पुढचा कोणता?… हॅलो?