स्प्रिंग थांबेपर्यंत

चौऱ्याऐंशी साल असेल. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात गणिताचे सर डिफरन्शियल इक्वेशन सोडवून म्हणाले, "बाहेरून ढकललं नाही, तर स्प्रिंगला टांगलेलं वजन कमी कमी हलत जातं. पण थांबत कधीच नाही."

माझा मित्र शिऱ्या म्हणाला, "खरी स्प्रिंग थांबते, सर."

सरांनी लॅबमधून स्प्रिंग आणून टांगली, तिला वजन अडकवलं नि खाली ओढून सोडलं. "थांबताना दाखव. सगळ्यांना घरी सोडतो."

दुपारची वेळ, पोटात बांगड्याचं सार नि भात. वजन वर, खाली, वर, खाली. जणू समुद्रच टांगला होता. आधी सरांची मान डुलली, मग आमची.

जाग आली तेव्हा वजन गप्प होतं.

"सर, थांबलं," शिऱ्या म्हणाला.

सरांनी डोळे चोळले. "थांबताना बघितलंस काय?"

"नाही. झोप लागली."

"मग बस खाली. अजून हलतंय."