शिक्क्यातली खरी नक्कल

१९७४ सालची गोष्ट. सोलापूरच्या स्टँडवर मैंदर्गीची एस.टी. चाळीस मिनिटं उशिरा होती. रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि त्यांचे दीर कचेरीतून आणलेला कागद उलगडून उभे होते.

"भावजी, शिक्क्यात काय लिवलंय?"

"'खरी नक्कल', वैनी."

"खरी असंल तर नक्कल कशी? फसवलं बघा तुमाला!"

"कचेरीत तसंच म्हणतेत. त्यांच्या दप्तरात हाय तेच हितं उतरवलंय."

"मग विहिरीचं काय उतरवलंय?"

"सरकारचं अनुदान आलं, आपल्या वाडीत विहीर खणली, पाणी लागलं."

"अय्यो! मग मी मैलभर घागर कशाला वाहते?"

"तेच आता मोठ्या सायबाला इचारायचं. खाली सरपंचाची सही हाय. त्याला म्हणायचं, विहीर दावा, न्हायतर खणा."

"व्हय, आता खणावीच लागंल की!"

"बिराजदार कारकुनांचे उपकार, वैनी. नकलेचा अर्ज त्यांनीच लिहून दिला, वर चहाबी पाजला."

"शिव त्यांचं भलं करो. पाणी लागलं की पहिली घागर त्यांना."

"घागर घेऊन सोलापूरला येणार?"

"एस.टी.नं आणीन की. म्हणीन, भाऊसाहेब, ही खरी हाय, नक्कल न्हाय."